चहाचे कप कसले मोजता, व्याज मोजा!

कामगार वस्तीतल्या कर्जाचा विषय निघाला की निकाल आधीच लागलेला असतो. ऐपत नसताना महागडे मोबाईल घेतात, पोरांच्या लग्नात डीजे लावतात, टपरीवर दिवसाला चार चहा पितात, मग कर्ज होणार नाही तर काय? कारखान्यांतली व्याख्यानं, आर्थिक साक्षरतेची शिबिरं, वर्तमानपत्रांच्या पुरवण्या, शहाण्यासुरत्या नातेवाइकांच्या बैठका, सगळीकडे हेच ऐकू येतं. उपायही ठरलेला आहे. वही ठेवा, खर्च लिहा, चैन बंद करा, अंथरूण पाहून पाय पसरा.

हा निकाल चुकीचा आहे असं माझं म्हणणं आहे, आणि या चुकीची किंमत मोठी आहे. नाशिकच्या सातपूरसारख्या वस्तीत हा उपदेश ऐकणाऱ्याच्या पदरात लाज पडते, वाट सापडत नाही. लाज वाटली की माणूस बायकोपासून कर्ज लपवतो, भावापासून लपवतो, शेवटी स्वतःपासूनही लपवतो. आणि लपवलेल्या कर्जाइतकं वेगानं वाढणारं दुसरं कर्ज नाही.

जानेवारी 2023 मध्ये सातपूरच्या अशोकनगर भागात छोटा व्यवसाय करणाऱ्या एका कुटुंबातले वडील आणि दोन तरुण मुलगे, अशा तिघांनी एकाच दिवशी आत्महत्या केली. सावकारांच्या जाचाचा उल्लेख असलेली चिठ्ठी सापडली, गुन्हे दाखल झाले, काही दिवस शहरात चर्चा झाली. त्या चर्चेतही 'एवढं कर्ज केलं कशाला' हा प्रश्न होताच. इतकं कर्ज, त्या दरानं, परवाना नसलेल्या माणसांकडून, एका घराला मिळतं कसं आणि वसूल होतं कसं, हा प्रश्न त्या मानानं फार थोड्यांनी विचारला. माझा सगळा प्रतिवाद या दोन प्रश्नांमधल्या अंतराचा आहे.

आता हिशेबच मांडू. समजा, एका कंत्राटी कामगाराच्या हातात महिन्याला 15,000 रुपये पडतात. खोलीचं भाडं आणि वीज 5,500. किराणा, दूध, भाजी, गॅस 6,500. मुलांची शाळा आणि रिक्षा 1,500. कामावर जाण्यायेण्याचं पेट्रोल आणि मोबाईलचं रिचार्ज 1,000. उरले 500. या यादीत चैन कुठे आहे ती दाखवा. आता आईच्या ऑपरेशनसाठी त्यानं कुणाकडून तरी शेकडा दहानं 50,000 घेतले. पहिल्या महिन्याचं व्याज आधीच कापून घ्यायची रीत असल्यामुळे हातात आले 45,000. महिन्याचं व्याज 5,000. वर्षभर नेमानं भरलं तर 60,000 रुपये जातात, आणि मुद्दल 50,000 जिथल्या तिथे उभं राहतं.

टपरीवरचे दोन चहा रोज बंद केले तर दहा रुपये कपाच्या हिशेबानं महिन्याला 600 वाचतील. व्याज 5,000 आहे. म्हणजे चहा सोडून व्याजाचा आठवा हिस्साही निघत नाही. बाकीचे 4,400 कुठून आणायचे, याचं उत्तर काटकसरीच्या व्याख्यानात नसतं. ते दुसऱ्या सावकाराकडे मिळतं, आणि तिथूनच घर बुडायला लागतं.

उलट बाजूनं बघा. हेच 50,000 एखाद्या पतसंस्थेकडून 13 टक्के वार्षिक दरानं दोन वर्षांसाठी मिळाले असते, तर महिन्याचा हप्ता 2,400 रुपयांच्या आत बसला असता आणि चोविसाव्या महिन्यात कर्ज संपलं असतं. सावकाराला नुसत्या व्याजापोटी जाणारे 5,000 पतसंस्थेत भरले असते, तर अकराव्या महिन्यातच तो मोकळा झाला असता. माणूस तोच, पगार तोच, चहाही तेवढाच. बदलला तो फक्त पैशाचा भाव. रोज वसूल होणाऱ्या 'डेली' कर्जाचंही असंच. 9,000 हातात देतात आणि रोज 100 प्रमाणे शंभर दिवस वसूल करतात. भाजीवालीला वाटतं, हजारच तर जास्त गेले. पण रोज थोडं थोडं मुद्दल परत जात असतं, त्यामुळे सरासरीनं तिच्याकडे निम्मेच पैसे वापरायला असतात. वर्षाच्या हिशेबात तो दर 80 टक्क्यांच्या आसपास जातो. उधळपट्टीवर बोलणाऱ्यांनी आधी या दराबद्दल बोलावं.

'लग्नात उडवतात म्हणून बुडतात' हा आरोप तर फारच जुना आहे आणि त्याची चौकशीही होऊन गेली आहे. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला. कर्जरोखे जाळले गेले, आणि पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतल्या गावांमध्ये तो पसरला. इंग्रज सरकारनं आयोग नेमला. 1876 च्या अहवालात या आयोगानं लग्नखर्चाच्या कारणाला वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिलं जातं असं नोंदवलं. लग्न क्वचित येतं. पण अन्नधान्य, बी-बियाणं, बैल, सरकारी सारा यांसाठी पुन्हा पुन्हा काढावी लागणारी लहान लहान कर्जंच रयतेचं ओझं वाढवतात, असा त्याचा निष्कर्ष होता. हा आयोग काही रयतेचा कैवारी नव्हता, राज्यकर्त्यांनीच नेमलेला होता. त्यानंतर 1879 मध्ये दख्खन कृषक साहाय्य कायदा आला आणि रोख्यावर लिहिलेल्या आकड्यामागे जाऊन खरा हिशेब तपासायची मुभा न्यायालयांना मिळाली. दीडशे वर्षांपूर्वी परक्या सरकारला जे कळलं, ते आज आपल्याच माणसांना कामगाराबद्दल कळत नाही, याचं मला दुःख होतं.

लग्नातला डीजे बंद झाला पाहिजे, हप्त्यावरचा मोबाईल टाळला पाहिजे, दारूत पगार घालवणाऱ्याला घरच्यांनी अडवलंच पाहिजे, यात मला कसलीही शंका नाही. अशी घरं आहेत आणि त्यांच्या बायकामुलांचे हाल मी कमी लेखत नाही. पण एखाद्या घराच्या व्यसनावरून सगळ्या वस्तीच्या कर्जाचं निदान करणं चूक आहे. तसं निदान केलं की औषधही चुकतं.

शिवाय हे लोक बचत करत नाहीत, हेही खोटं आहे. बचत केली म्हणून फसलेली घरं याच जिल्ह्यात आहेत. 2014 मध्ये नाशिकमधलं, गुंतवणूकदारांना बुडवणारं केबीसी मल्टिट्रेडचं प्रकरण फुटलं. 2016 मध्ये तशाच मैत्रेय प्रकरणात नाशिक शहर पोलिसांकडे गुन्हा दाखल झाला. जळगावच्या भाईचंद हिराचंद रायसोनी पतसंस्थेत अडकलेल्या ठेवींचा फटका खान्देशातल्या असंख्य घरांना बसला, आणि सातपूरच्या कितीतरी कुटुंबांचं गाव खान्देशातच आहे. यांत गेलेला पैसा कुणा उधळ्याचा नव्हता. ओव्हरटाइम करून, भिशी लावून, मुलीच्या नावानं बाजूला टाकलेला तो पैसा होता. बचतीचा उपदेश करणाऱ्यानं बचत ठेवायची कुठे, हेही त्याच दमात सांगायला हवं.

आता त्या 50-30-20 च्या सूत्राकडे येतो. निम्मा पगार गरजांना, तीस टक्के हौसेमौजेला, वीस टक्के बचतीला. मराठीत पैशाच्या नियोजनावर बोलणारा प्रत्येक जण हल्ली हे सांगतो. एलिझाबेथ वॉरन आणि त्यांची कन्या अमेलिया वॉरन त्यागी यांच्या 2005 च्या पुस्तकातून ते जगभर गेलं, आणि ते अमेरिकी पगारदार कुटुंबांसाठी होतं. ज्या घराचा 15,000 पैकी 14,500 रुपये खर्च गरजांवरच होतो, त्या घराला हे सूत्र सांगून काय हाती लागणार? सूत्रात बसत नाही म्हणून ते घर स्वतःला नापास समजतं, एवढंच. आणि या सूत्रामागचं सगळ्यात मोठं गृहीतक कुणी उघड करत नाही. दर महिन्याला तेवढाच पगार येणार, असं ते धरून चालतं.

सातपूरमध्ये तसं होत नाही. एमआयडीसीच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी ही एक. मायको, महिंद्र, सिएट यांसारख्या कारखान्यांनी इथे कायम कामगारांची एक पिढी उभी केली. तिला वेतनकरार होते, बोनस होता, पीएफ होता, पतसंस्था होती. त्या पिढीनं घरं बांधली आणि मुलं शिकवली. तिचं कौतुक करताना आपण म्हणतो, त्या वेळचे लोक काटकसरी होते. होतेच. पण काटकसर फळाला यायला पुढच्या महिन्याचा पगार नक्की असावा लागतो, आणि तो त्यांना होता. आजच्या कंत्राटी मुलाला सात महिन्यांनी किंवा अकरा महिन्यांनी 'ब्रेक' मिळतो. ऑर्डर कमी झाली की ठेकेदार हजेरी कमी करतो. खाडा झाला की रोज बुडतो. ओटी (ओव्हरटाइम) लागली तर चांगला महिना, नाही लागली तर उधारीचा महिना. खोलीचं भाडं मात्र ब्रेक घेत नाही. अशा उत्पन्नाच्या घराला सरासरीवर बेतलेलं बजेट फसवतं. त्या घराचं बजेट वर्षातल्या सगळ्यात वाईट महिन्यावर बेतायला हवं, आणि चांगल्या महिन्यातली ओटी वाईट महिन्याचं भाडं म्हणून आधीच बाजूला पडायला हवी.

दुसरं मोठं भगदाड आजारपणाचं. कर्मचारी राज्य विमा योजनेत 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेला कामगार येतो. त्याच्या पगारातून 0.75 टक्के कापले जातात, मालक 3.25 टक्के भरतो. पुरेसे दिवस वर्गणी भरलेली असेल तर आजारपणाच्या रजेत वर्षाला 91 दिवसांपर्यंत वेतनाच्या 70 टक्के रक्कम मिळते, आणि कुटुंबावरही उपचार होतात. कामगार विमा रुग्णालय खुद्द सातपुरात आहे. तरीही घरात कुणी पडलं की लोक आधी खासगी दवाखाना गाठतात आणि मागोमाग सावकार. कारण ठेकेदारानं वर्गणी भरली की नाही याची खात्री नसते, कार्ड काढलेलं नसतं, रुग्णालयावर भरवसा बसलेला नसतो. हे कारण खर्चाच्या वहीत सापडणार नाही. ते पगाराच्या चिठ्ठीत शोधावं लागेल.

मग कुणी विचारेल, वही लिहूच नये की काय? लिहावीच. माझा आक्षेप वहीवर नाही, ती कुठून सुरू करायची यावर आहे. पहिल्या पानावर चहा-साखर लिहू नका. पहिल्या पानावर प्रत्येक देणं लिहा. कुणाचं, मुद्दल किती, हातात प्रत्यक्ष किती आले, महिन्याला शेकडा किती, आजपर्यंत किती भरलं, आणि आपलं काय काय त्याच्याकडे अडकून आहे. कोरे चेक, सही केलेला स्टॅम्प पेपर, गाडीचं आरसी बुक, मंगळसूत्र. हे पान नवरा-बायकोनं समोरासमोर बसून लिहायचं. बचत गटाचा हप्ता तिला माहीत असतो, सावकाराचा त्याला. दोघांची बेरीज एका कागदावर येईपर्यंत घराला आपलं खरं देणं कळत नाही. मोठ्या मुलांनाही त्यात बसवा. कर्ज घराचं असेल तर ते घराला माहीत असलं पाहिजे.

दुसरं पान दराच्या उतरत्या क्रमाचं. सगळ्यात लहान कर्ज आधी संपवा म्हणजे उत्साह येतो, असं सांगणारे सल्लागार आहेत. आपल्याकडे एका कर्जाचा दर वर्षाला 120 टक्के आणि दुसऱ्याचा 13 असू शकतो. तिथे उत्साहासाठी दराकडे काणाडोळा करणं परवडत नाही. जे सगळ्यात महाग, ते सगळ्यात आधी. आणि 'कर्ज काढून कर्ज फेडू नये' हे वडीलधाऱ्यांचं वचन इथे बाजूला ठेवा. महाग कर्ज स्वस्त कर्जानं फेडणं हाच बाहेर पडायचा मार्ग आहे. खासगी माणसाकडे शेकडा तीननं गहाण असलेलं सोनं वर्षाला 36 टक्के खातं. ते सोडवून बँकेत तारण ठेवलं तर व्याजाचा बोजा निम्म्याहून खाली येतो. चूक घडते ती स्वस्त कर्ज मिळाल्यावर महाग कर्ज न फेडता पैसा दुसरीकडे गेला तर. म्हणून पैसा हातात येईल त्याच दिवशी जुनं खातं बंद करायचं, चेक परत घ्यायचे, पावती घ्यायची.

तिसरं पान कायद्याचं, आणि हे पान काटकसरीच्या व्याख्यानात मला कधी दिसलं नाही. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम 2014 पासून लागू आहे. परवानाधारक सावकारालाही बिगरशेतकऱ्याकडून तारण कर्जावर वर्षाला 15 टक्के आणि विनातारण कर्जावर 18 टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेता येत नाही. म्हणजे आपल्या उदाहरणातल्या 50,000 वर वर्षाचं व्याज 9,000 होतं, 60,000 नव्हे. चक्रवाढ लावता येत नाही. व्याजाची एकूण वसुली मुद्दलापेक्षा जास्त करता येत नाही. दामदुपटीचा हा नियम आपल्याकडे पूर्वापार होता, तो या कायद्यातही आहे. महिन्याला 5,000 भरणाऱ्या त्या कामगाराची ही मर्यादा दहाव्या महिन्यातच गाठली जाते. परवान्याशिवाय सावकारी करणं हा पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. परवाना नसलेल्या सावकाराच्या बाजूनं न्यायालय हुकूमनामा देऊ शकत नाही. कर्जदाराला त्रास देणं, पाठलाग करणं हाही वेगळा गुन्हा आहे. तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते. त्यांना सावकाराच्या जागेची झडती घेऊन कागदपत्रं जप्त करण्याचे अधिकार आहेत.

मायक्रोफायनान्स आणि मोबाईल ॲपवरच्या कर्जांनाही नियम आहेत. एप्रिल 2022 पासून रिझर्व्ह बँकेनं ठरवलंय की वार्षिक तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेलं मायक्रोफायनान्स कर्ज विनातारण असावं, आणि घराच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापुढे जाऊ नयेत. वसुलीवाल्यानं सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहाच्या नंतर दारात यायचं नाही. ऑक्टोबर 2024 पासून व्याज आणि सगळे आकार धरून होणारा खरा वार्षिक दर सांगणारा कागद कर्जदाराला त्याला समजेल अशा भाषेत देणं बंधनकारक आहे. तो कागद मागा, आणि दिला नाही तर सही करू नका. बँक किंवा वित्तसंस्था दाद देत नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्यासाठी 14448 हा क्रमांक आहे. आणि कर्जाच्या धास्तीनं मन जिवावर उठत असेल तर त्याच क्षणी 14416 वर टेलि-मानसला फोन करा. कोणतंही देणं माणसाच्या जिवापेक्षा मोठं नसतं.

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप असा: कायदा कागदावर आहे, आणि स्वस्त कर्ज मिळतं कुणाला? पतसंस्था दोन जामीनदार मागते, बँक पगाराची चिठ्ठी मागते, सावकार काही विचारत नाही. आक्षेप खरा आहे. पण त्यातून काय निघतं? कामगाराला काटकसर शिकवली की झालं, असं तर मुळीच निघत नाही. निघतं ते हे की स्वस्त पैसा त्याच्यापर्यंत पोचवायची व्यवस्था उभारावी लागेल. आणि ती उभारता येते, हे महाराष्ट्रानं दाखवलेलं आहे. मुंबईच्या गिरणगावात खानावळ चालवून गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या बायका वाण्याच्या आणि सावकाराच्या उधारीत अडकलेल्या होत्या. 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी त्यांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र केलं आणि राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज त्यांच्यापर्यंत आणलं. पुढे त्यांच्या कन्या मेधा पुरव सामंत यांनी पुण्यात भाजीवाल्या आणि वस्तीतल्या बायकांसाठी तेच काम 1993 पासून वाढवलं. त्या बायकांना कुणी चहा सोडायला सांगितलं नव्हतं. त्यांच्या हातातल्या पैशाचा भाव उतरवला होता.

सातपूरमध्ये हे आज करता येण्यासारखं आहे. मोठ्या कारखान्यांतल्या कायम कामगारांच्या पतसंस्थांनी त्याच शेडमध्ये, त्याच लाइनवर काम करणाऱ्या कंत्राटी कामगाराला सभासद करून घ्यावं. सभासदानं लिहून दिलं तर कर्जाचा हप्ता पगारातून कापून द्यायची तरतूद महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 मध्ये आहे. ठेकेदाराच्या देयकातून तो हप्ता वळता करायची जबाबदारी मुख्य कारखान्यानं घ्यावी. पगार वेळेवर, बँक खात्यात आणि चिठ्ठीसह झाला तर त्या मुलाला बँकेत दाखवायला कागद मिळेल. निमासारख्या उद्योजकांच्या संघटनेनं आपल्या सभासदांना एवढं तरी सांगावं. कामगार संघटनांनी वेतनकराराबरोबर कर्जाचीही दखल घ्यावी, युनियनच्या कार्यालयात आठवड्यातला एक दिवस सावकारीच्या तक्रारी लिहून देण्यासाठी ठेवावा. सहकार खात्यानं तक्रारदार येण्याची वाट न पाहता वस्तीत यावं, कारण धमकावलेला माणूस कार्यालयाची पायरी चढायला घाबरतो. आणि पतसंस्थांवर कडक लेखापरीक्षण हवंच, नाहीतर सावकारापासून वाचवलेला पैसा संचालकांच्या हाती बुडेल.

ही कामं व्याख्यान देण्यापेक्षा अवघड आहेत, म्हणूनच ती टाळून उपदेश केला जातो. कामगाराला 'खर्च कमी कर' म्हणायला काही लागत नाही. मालकाला 'पगार वेळेवर दे', ठेकेदाराला 'वर्गणी भर', पतसंस्थेला 'सभासद करून घे' आणि सावकाराला 'परवाना दाखव' असं म्हणायला धैर्य लागतं. कष्टाळू माणसाचा हिशेब त्याच्या टपरीवरच्या बाकापासून सुरू करणं अन्यायाचं आहे. ज्याला सातपूरच्या घरांची खरोखर काळजी आहे, त्यानं पुढच्या शिबिरात पहिला प्रश्न खर्चाचा विचारू नये. तुम्ही किती टक्क्यांनी पैसे घेतलेत, हे विचारावं. उत्तर मिळालं की पुढचं काम फक्त त्या कामगाराचं राहत नाही, विचारणाऱ्याचंही होतं.